किशोर कादंबऱ्यांची मुखपृष्ठकला

किशोर कादंबऱ्यांची मुखपृष्ठकला म्हणजे साधारणतः १२ ते १८ या वयोगटातील वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवरील चित्र, अक्षरयोजना व मांडणी यांची कला होय. ही उपयोजित कलेची एक शाखा असून तिच्यावर साहित्य, चित्रकला, मुद्रणतंत्र आणि पुस्तकव्यवहार या चारही क्षेत्रांचा प्रभाव पडतो. पुस्तक वाचकाच्या हाती जावे, हे मुखपृष्ठाचे पहिले काम असते. मात्र कादंबरी वाचून झाल्यावरही जे मुखपृष्ठ पुन्हा पाहावेसे वाटते आणि नव्याने उलगडते, ते कलादृष्ट्या यशस्वी मानले जाते.

या कलेचा अभ्यास करताना दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. मुखपृष्ठ कादंबरीतील आशयाशी किती प्रामाणिक आहे, हा पहिला प्रश्न. आणि 'हे पुस्तक कोणासाठी आहे' याविषयी ते वाचकाला काय सुचवते, हा दुसरा. स्वतःची ओळख घडण्याच्या वयातील वाचकाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाला विशेष गांभीर्य प्राप्त होते.

संज्ञा आणि व्याप्ती

इंग्रजीत 'यंग अडल्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साहित्यप्रकारासाठी मराठीत किशोर साहित्य, कुमार साहित्य किंवा किशोरवयीनांचे साहित्य अशा संज्ञा वापरल्या जातात. बालसाहित्य आणि प्रौढांचे साहित्य यांच्या मधला हा प्रदेश असल्याने त्याच्या सीमा नेहमीच धूसर राहिल्या आहेत. काही कादंबऱ्या प्रौढांसाठी प्रसिद्ध होऊन किशोरांनी आपल्याशा केल्या, तर काही किशोरांसाठी लिहिल्या जाऊन प्रौढांच्याही हाती गेल्या. एखादी कादंबरी या सीमेच्या कोणत्या बाजूला ठेवायची, हे पुष्कळदा संहितेपेक्षा मुखपृष्ठावरूनच ठरते.

मुखपृष्ठ या शब्दाने सामान्यतः पुस्तकाची दर्शनी बाजू सूचित होते. व्यापक अर्थाने पुस्तकाचा कणा, मलपृष्ठ, त्यावरील पाठराखणीचा मजकूर आणि पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकावरील सुटे वेष्टन यांचाही त्यात समावेश होतो.

इतिहास

पूर्वपीठिका

पुस्तकावरील कागदी वेष्टन आरंभी केवळ बांधणीच्या संरक्षणासाठी असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्यावर चित्र छापण्याची प्रथा रुळली आणि वेष्टन हे पुस्तकाची ओळख बनले. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) या पुस्तकाचे वेष्टन स्वतः लेखकाने रेखाटले होते. पर्वतरांगा व अरण्य यांचे ते चित्र दर्शनी बाजूपासून मलपृष्ठापर्यंत सलग पसरलेले आहे. त्याच्या कडेने प्राचीन रून लिपीची आठवण देणाऱ्या अक्षरांत ग्रंथाचे नाव, लेखक व प्रकाशक यांची माहिती गुंफलेली आहे. टॉल्किन यांच्या मूळ चित्रात सूर्य आणि ड्रॅगन यांसाठी तांबडा रंग योजलेला होता. परंतु छपाईचा खर्च वाढू नये म्हणून तो वगळण्यात आला. मुखपृष्ठ हे कलावंताची कल्पना आणि प्रकाशकाचा हिशेब यांच्या तडजोडीतून साकारते, याचे हे एक जुने उदाहरण होय.

जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' (१९५१) ही कादंबरी प्रौढांसाठी प्रसिद्ध झाली असली, तरी पुढे ती किशोरवयीनांची कादंबरी म्हणूनच जगभर वाचली गेली. पहिल्या आवृत्तीसाठी ई. मायकेल मिचेल यांनी मेरी-गो-राउंडच्या लाल घोड्याचे चित्र काढले. १९५३ च्या कागदी बांधणीच्या आवृत्तीवर जेम्स अव्हाटी यांनी लाल टोपी घातलेला नायक शहरातील रस्त्यावर उभा असलेला दाखवला. सॅलिंजर यांना हे चित्रण रुचले नाही. १९६० च्या दशकात नव्या प्रकाशकाकडे आलेल्या आवृत्तीवर चित्र नव्हतेच. गडद तांबूस पार्श्वभूमीवर केवळ अक्षरे होती. नायकाचा चेहरा वाचकाने स्वतःच कल्पावा, की तो चित्रकाराने आधीच दाखवावा, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

१९६० ते १९९५

किशोरवयीनांसाठी स्वतंत्र पुस्तकमाला काढण्याचा प्रयत्न ब्रिटनमध्ये पेंग्विन प्रकाशनाने १९६२ साली 'पीकॉक बुक्स' या नावाने केला. त्याच वर्षी अमेरिकेत मॅडेलिन लेंगल यांची 'अ रिंकल इन टाइम' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या वेष्टनावर एलेन रास्किन यांनी निळ्या पार्श्वभूमीवर वर्तुळे आणि त्यांच्या आत छायाकृती अशी जवळजवळ अमूर्त रचना केली. अवकाश व काळ यांच्या घड्यांची कल्पना तीतून सूचित होते. या रास्किन पुढे लेखिका म्हणूनही नावारूपाला आल्या. त्यांच्या 'द वेस्टिंग गेम' या कादंबरीला १९७९ चे न्यूबेरी पदक मिळाले. १९७९ च्या सुमारास लिओ व डायान डिलन या चित्रकार दांपत्याने लेंगल यांच्या कादंबरीसाठी पंख असलेल्या नराश्वाचे चित्र असलेले नवे मुखपृष्ठ केले. एकाच संहितेचे अमूर्त आणि आकृतिप्रधान असे दोन अर्थ या दोन मुखपृष्ठांत शेजारी ठेवून पाहता येतात.

एस. ई. हिंटन यांच्या 'द आउटसायडर्स' (१९६७) या कादंबरीनंतर शाळकरी मुलांचे वास्तव जीवन हा किशोर कादंबरीचा मुख्य विषय झाला. १९७० व १९८० च्या दशकांत स्वस्त कागदी बांधणीचा प्रसार झाला आणि नायक-नायिकेचे वास्तवदर्शी रंगचित्र मुखपृष्ठावर देण्याची रीत दृढ झाली.

या रीतीहून वेगळे उदाहरण म्हणजे लोईस लोरी यांची 'द गिव्हर' (१९९३) ही कादंबरी. तिच्या मुखपृष्ठावर दाढीधारी वृद्धाचे कृष्णधवल छायाचित्र आहे. कागद फाटल्यासारखा दिसणारा एक कोपरा तेवढा रंगीत असून त्यातून झाडे दिसतात. हे छायाचित्र स्वतः लोरी यांनी कार्ल नेल्सन या चित्रकाराचे टिपले होते. नेल्सन यांची दृष्टी पुढे गेली. कादंबरीतील समाजाने रंगांची जाणीवच गमावलेली आहे आणि नायकाला ती एका वृद्धाकडून हळूहळू मिळते. हे कळल्यावर फाटलेल्या कोपऱ्यातील रंगांचा अर्थ बदलतो. किशोरांच्या पुस्तकावर किशोराऐवजी वृद्धाचा चेहरा असणे त्या काळी असाधारण होते. परंतु तोच या पुस्तकाचा परिचित चेहरा ठरला.

१९९७ नंतर

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील पहिले पुस्तक २६ जून १९९७ रोजी ब्रिटनमध्ये ब्लूम्सबरी प्रकाशनाने काढले. त्याचे मुखपृष्ठ थॉमस टेलर या तरुण चित्रकाराने जलरंगात केले. त्यांचे ते पहिलेच व्यावसायिक काम होते. आगगाडीपुढे उभा असलेला, किंचित गोंधळलेला चष्मेवाला मुलगा त्यात दिसतो. १९९८ मध्ये अमेरिकी आवृत्तीसाठी मेरी ग्रांप्रे यांनी पेस्टल माध्यमात उडत्या झाडूवरील हॅरी रंगवला. पहिल्या चित्रात अनोळखी जगात पाऊल टाकण्यापूर्वीची घालमेल आहे, तर दुसऱ्यात त्या जगातला मुक्त संचार. त्याच वर्षी ब्लूम्सबरीने प्रौढ वाचकांसाठी वेगळी आवृत्ती काढून तिच्यावर वाफेच्या इंजिनाचे कृष्णधवल छायाचित्र छापले. आतील मजकूर तोच होता. बदलले होते ते फक्त आवरण. मार्क हॅडन यांच्या 'द क्युरियस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' (२००३) या कादंबरीच्याही किशोरांसाठी व प्रौढांसाठी अशा दोन स्वतंत्र आवृत्त्या वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या.

स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' (२००५) या कादंबरीने प्रतीकप्रधान मुखपृष्ठांची लाट आणली. काळ्या पार्श्वभूमीवर दोन फिकट हातांच्या ओंजळीतील लाल सफरचंद एवढेच त्यावर आहे. बायबलमधील निषिद्ध फळाचा संदर्भ त्यामागे असल्याचे लेखिकेने सांगितले आहे. काळा, पांढरा व लाल या तीन रंगांची ही योजना इतकी प्रभावी ठरली की, २००९ मध्ये एमिली ब्राँटी यांच्या 'वदरिंग हाइट्स' या एकोणिसाव्या शतकातील कादंबरीची आवृत्तीही त्याच धर्तीचे मुखपृष्ठ लेवून बाजारात आली.

सुझान कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) या कादंबरीत टिम ओब्रायन यांनी काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी पदकातील पक्षी चितारला. तीन पुस्तकांच्या मालिकेत हे चित्र कथेबरोबर पुढे सरकते. पहिल्या मुखपृष्ठावर वर्तुळात बंदिस्त असलेला पक्षी तिसऱ्यावर ते वर्तुळ भेदून पंख पसरतो, आणि पार्श्वभूमी काळ्याकडून लाल व मग निळ्या रंगाकडे जाते. तिन्ही पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय हा प्रवास लक्षात येत नाही. जॉन ग्रीन यांच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (२०१२) या कादंबरीसाठी रॉड्रिगो कोरल यांनी निळ्या पार्श्वभूमीवर एक काळा व एक पांढरा असे दोन ढग आणि हाताने लिहिल्यासारखी अक्षरे योजली. आजारपणाची कथा असूनही रुग्णालय, औषधे किंवा अश्रू यांपैकी काहीही त्यावर नाही.

निर्मितिप्रक्रिया

मुखपृष्ठ हे सहसा एकट्या चित्रकाराचे काम नसते. संपादक संहितेचा सारांश देतो, कलानिर्देशक दिशा ठरवतो, चित्रकार व अक्षररचनाकार प्राथमिक आराखडे करतात आणि विक्री विभाग त्यांवर मत देतो. मोठ्या पुस्तकविक्रेत्यांचा अभिप्रायही अनेकदा विचारात घेतला जातो. लेखकाशी सल्लामसलत होत असली, तरी अंतिम निर्णयाचा अधिकार बहुधा प्रकाशकाकडेच असतो. त्यामुळे मुखपृष्ठातील गुणांचे वा दोषांचे धनीपण लेखकाकडे देणे अनेकदा चुकीचे ठरते. चित्रकाराला संपूर्ण संहिता वाचायला मिळतेच असे नाही. काही वेळा निवडक प्रकरणांवरच काम भागवावे लागते.

मुद्रणातील विशेष प्रक्रियाही परिणामाचा भाग असतात. सोनेरी वा रुपेरी फॉइल, अक्षरांना दिलेला उठाव, निवडक भागावरचा चकचकीत लेप, मखमली स्पर्शाचे लॅमिनेशन आणि पानांच्या रंगवलेल्या कडा यांचा त्यात समावेश होतो. संकेतस्थळांवरील विक्री वाढल्यापासून मुखपृष्ठ टपाल तिकिटाएवढ्या आकारातही ओळखू यावे लागते. मोठी अक्षरे, थोडे घटक व ठळक रंगविरोध यांचा वापर वाढण्यामागे हे एक कारण आहे.

दृश्यभाषेचे घटक

अक्षरे. शीर्षकाची अक्षरे केवळ नाव सांगत नाहीत, तर कथेचा सूरही लावतात. हस्तलिखित वळणाची अक्षरे आत्मकथनाची जवळीक सुचवतात. कोरीव, टोकदार अक्षरे अद्भुताची किंवा भयाची चाहूल देतात. शीर्षक आणि लेखकनाम यांपैकी कोणाला अधिक जागा मिळाली आहे, यावरून प्रकाशक कोणाच्या नावावर भिस्त ठेवतो तेही कळते.

रंग. रंगांचे अर्थ सार्वत्रिक नसतात. ते प्रत्येक पुस्तकापुरते घडतात. 'ट्वायलाइट'मध्ये काळा रंग मोहाची पार्श्वभूमी होतो, तर 'द गिव्हर'मध्ये कृष्णधवल छटा हरवलेल्या संवेदनेची खूण ठरते.

प्रतीक. एखादी वस्तू मुखपृष्ठावर एकटी ठेवली की वाचक तिचा अर्थ शोधू लागतो. तथापि प्रत्येक वस्तूमागे हेतू असतोच असे नाही. 'ट्वायलाइट' मालिकेतील दुसऱ्या पुस्तकावर असलेल्या फुलाच्या निवडीत आपला सहभाग नव्हता, असे मायर यांनी सांगितले आहे. अर्थाला संहितेचा आधार मिळतो का, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

चेहरा व देह. चेहरा दाखवला की ओळख निश्चित होते; झाकला की कुतूहल वाढते. लॉरी हॅल्स अँडरसन यांच्या 'स्पीक' (१९९९) या कादंबरीची नायिका एका अत्याचारानंतर बोलणे जवळजवळ थांबवते आणि शाळेतील चित्रकलेच्या तासाला झाडाचे चित्र साधण्यासाठी वर्षभर धडपडते. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मुलीच्या चेहऱ्यात डोळे ठळक असून तोंडाच्या जागी झाडाची आकृती येते. कथेतील मौन आणि त्यावरचा उपाय ही दोन्ही सूत्रे एकाच चित्रात आलेली आहेत, हे वाचकाला पुस्तक संपल्यावर उमगते.

रिकामी जागा. मुखपृष्ठावर जे नाही, तेही अर्थपूर्ण असते. अँजी थॉमस यांच्या 'द हेट यू गिव्ह' (२०१७) या कादंबरीच्या पांढऱ्या मुखपृष्ठावर एक कृष्णवर्णीय मुलगी शीर्षकाचा फलक हाती धरून उभी आहे. भोवताली काहीही नसल्याने तिच्यावरून नजर हटत नाही.

रसग्रहणाच्या कसोट्या

मुखपृष्ठाचे रसग्रहण दोन टप्प्यांत करणे उपयुक्त ठरते. पहिला टप्पा वाचनापूर्वीचा. चित्रात प्रथम नजर कोठे जाते, तेथून ती कोठे वळते, कथेचा काळ, स्थळ व सूर यांविषयी कोणती अपेक्षा निर्माण होते, याची नोंद येथे करता येते. दुसरा टप्पा वाचनानंतरचा. आधीच्या अपेक्षांपैकी कोणत्या पूर्ण झाल्या, कोणत्या फोल ठरल्या आणि कोणत्या तपशिलाला नवा अर्थ आला, हे या टप्प्यात तपासले जाते. पहिल्याच टप्प्यात संपून जाणारे मुखपृष्ठ आकर्षक असू शकते. दुसऱ्या टप्प्यातही काही देणारे मुखपृष्ठ श्रेष्ठ ठरते.

एकाच कादंबरीच्या भिन्न आवृत्त्यांची तुलना ही रसग्रहणाची आणखी एक फलदायी पद्धत आहे. मजकूर समान असल्यामुळे प्रत्येक चित्रकाराने केलेली निवड स्पष्टपणे दिसते. कोणता प्रसंग निवडला, कोणते पात्र पुढे आणले, शेवट किती उघड केला आणि वाचकाचे वय किती गृहीत धरले, हे प्रश्न अशा तुलनेतून सहज पुढे येतात. शाळा-महाविद्यालयांतील भाषा व चित्रकला या दोन्ही विषयांच्या अभ्यासात ही पद्धत वापरता येते.

मुखपृष्ठ चांगले असणे आणि पुस्तक चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामान्य कादंबरीला उत्तम मुखपृष्ठ लाभल्याची आणि उत्तम कादंबरी निकृष्ट मुखपृष्ठामुळे मागे पडल्याची उदाहरणे प्रत्येक भाषेत आढळतात. चित्रपट निघाल्यावर नटनट्यांचे छायाचित्र असलेली आवृत्ती काढण्याची प्रथाही टीकेचा विषय झाली आहे. अशा आवृत्तीमुळे पुस्तकाचा खप वाढतो. परंतु पात्रांचे रूप कल्पिण्याचे वाचकाचे स्वातंत्र्य संकोचते, असा आक्षेप घेतला जातो.

संहितेशी प्रामाणिकपणा आणि वर्णाचा प्रश्न

मुखपृष्ठ संहितेशी विसंगत असल्याची तक्रार जुनी आहे. मात्र पात्राचा वर्णच बदलला जातो, तेव्हा ती केवळ चुकीच्या तपशिलाची बाब राहत नाही.

अर्सुला के. ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीचा नायक गेड हा तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे आणि त्याचा जिवलग मित्र काळ्या वर्णाचा. त्या द्वीपसमूहातील बहुसंख्य लोक सावळे किंवा काळे असून गोरे लोक अल्पसंख्य आहेत. लेखिकेने ही रचना हेतुपुरस्सर केली होती. पहिल्या आवृत्तीसाठी रूथ रॉबिन्स यांनी केलेल्या मुखपृष्ठात या वर्णनाशी इमान राखलेले दिसते. पुढील अनेक आवृत्त्यांवर मात्र गेड गोरा दाखवण्यात आला. ले ग्विन यांनी याविषयी वारंवार नाराजी व्यक्त केली. अखेर मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी, २०१८ मध्ये, चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह संपूर्ण मालिकेची एकत्र आवृत्ती प्रसिद्ध झाली. चित्रांची आखणी व्हेस यांनी लेखिकेशी दीर्घकाळ चर्चा करून केली होती. ले ग्विन यांचे जानेवारी २०१८ मध्ये निधन झाल्याने ही आवृत्ती त्यांच्या पश्चात वाचकांपर्यंत पोहोचली. २०१९ मध्ये तिला सर्वोत्तम कलाग्रंथासाठी ह्यूगो पुरस्कार मिळाला.

२००९ मध्ये जस्टिन लार्बलेस्टिअर यांच्या 'लायर' या कादंबरीवरून या प्रश्नाची जाहीर चर्चा झाली. कादंबरीची नायिका मिकाह ही कृष्णवर्णीय वंशाची असून तिचे केस आखूड आहेत. अमेरिकी आवृत्तीच्या नियोजित मुखपृष्ठावर मात्र लांब, सरळ केसांच्या गोऱ्या मुलीचे छायाचित्र होते. हे चित्र आपल्या इच्छेविरुद्ध असल्याचे लेखिकेने उघडपणे लिहिले. कृष्णवर्णीय चेहरा असलेली पुस्तके खपत नाहीत, असा समज पुस्तकव्यवसायात रूढ असल्याचे त्यांनी निदर्शनास आणले. अशी पुस्तके दुकानात दर्शनी मांडलीच गेली नाहीत, तर ती खपणार तरी कशी, असा या चर्चेचा रोख होता. नायिका स्वतःच खोटारडी असल्याचे कबूल करणारी असल्याने आणखी एक अडचण उद्भवत होती. मुखपृष्ठ पाहून वाचकाने तिचे स्वतःच्या रूपाविषयीचे कथनही खोटे मानले असते आणि कादंबरीचा अर्थच बदलला असता. वाचक व ग्रंथपाल यांच्या तीव्र प्रतिक्रियेनंतर प्रकाशनापूर्वी मुखपृष्ठ बदलण्यात आले. पुढील वर्षी जॅकलिन डोलामोर यांच्या 'मॅजिक अंडर ग्लास' या कादंबरीबाबतही असाच आक्षेप आला आणि तेथेही मुखपृष्ठ बदलले गेले.

या चर्चेला आकडेवारीचीही पार्श्वभूमी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालसाहित्य केंद्राने पाहिलेल्या २०१३ मधील सुमारे ३,२०० पुस्तकांपैकी केवळ ९३ पुस्तके कृष्णवर्णीय व्यक्तींविषयी होती. मार्च २०१४ मध्ये लेखक वॉल्टर डीन मायर्स आणि त्यांचे पुत्र, चित्रकार ख्रिस्तोफर मायर्स, यांनी न्यू यॉर्क टाइम्समधील लेखांतून या उणिवेकडे लक्ष वेधले. ज्या मुलाला स्वतःसारखा चेहरा कोणत्याच पुस्तकावर दिसत नाही, त्याला ग्रंथालयातील कपाट आपले वाटत नाही, हा या प्रश्नाचा गाभा आहे. गेल्या दशकात 'द हेट यू गिव्ह' आणि टोमी अडेयेमी यांची 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' (२०१८) यांसारख्या कादंबऱ्यांनी कृष्णवर्णीय नायिका मुखपृष्ठावर ठळकपणे दाखवूनही मोठा खप मिळवला. त्यामुळे जुन्या समजाला उदाहरणानेच उत्तर मिळाले.

लिंगभेदाचा प्रश्न

लेखिकांच्या कादंबऱ्यांना, विषय कोणताही असो, कोमल रंगांची व प्रणयसूचक मुखपृष्ठे दिली जातात, अशी टीका होत आली आहे. मे २०१३ मध्ये अमेरिकी लेखिका मॉरीन जॉन्सन यांनी समाजमाध्यमावरून वाचकांना एक आवाहन केले. एखाद्या प्रसिद्ध पुस्तकाचा लेखक पुरुषाऐवजी स्त्री किंवा स्त्रीऐवजी पुरुष असता, तर त्याचे मुखपृष्ठ कसे झाले असते, याची कल्पना करून ते तयार करावे, असे ते आवाहन होते. 'कव्हरफ्लिप' या नावाने ओळखल्या गेलेल्या या उपक्रमात अल्पावधीत अनेक नमुने तयार झाले. त्याच सुमारास, झगेदार पोशाखातील मुलीचे किंवा चेहरा कापलेल्या मुलीचे छायाचित्र वापरण्याची प्रथाही टीकेचे लक्ष्य ठरली होती. अशा मुखपृष्ठांमुळे मुलगे ती पुस्तके हाती घेण्यास संकोचतात आणि मुलींना आपल्या वाचनाविषयी उगाच कमीपणा वाटतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

भारतीय संदर्भ

भारतीय भाषांत किशोरांच्या पुस्तकांच्या सजावटीची परंपरा समृद्ध आहे. बंगालीत सत्यजित राय यांनी १९४० च्या दशकात कोलकात्याच्या सिग्नेट प्रेससाठी अनेक मुखपृष्ठे केली. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची, 'आम आँटिर भेंपू'ची, सजावटही त्यांचीच होती. या चित्रांच्या निमित्ताने मनात रुजलेल्या दृश्यांतून पुढे त्यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) हा चित्रपट आकाराला आला. आपल्या फेलुदा कथामालेची मुखपृष्ठे व आतील चित्रेही ते स्वतः काढत. लेखक, चित्रकार व अक्षररचनाकार या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असल्याने तेथे संहिता व मुखपृष्ठ यांत अंतर पडण्याची शक्यताच उरली नाही.

मराठीत मुखपृष्ठकलेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) या मूळच्या गोव्याच्या चित्रकारांचे स्थान मोठे आहे. किशोरवयीन वाचकही आवडीने वाचत असलेल्या बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांवरील मुळगावकरांची चित्रे लोकप्रिय होती. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी देवनागरी अक्षररचनेला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिले. शिरोरेखा, काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरी शीर्षकाची उभी-आडवी वाढ रोमन अक्षरांहून निराळी असते. त्यामुळे परभाषेतील मुखपृष्ठाचे चित्र अनुवादासाठी जसेच्या तसे घेतले, तरी अक्षरांसाठी मांडणी नव्याने करावी लागते. भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेसारख्या मालिकांच्या पिढ्यान्‌पिढ्या निघालेल्या आवृत्त्या हे मराठीतील तुलनात्मक अभ्यासाचे सहज उपलब्ध साधन आहे.

जतन आणि मूल्य

वेष्टन हा पुस्तकाचा टाकाऊ भाग मानून ते काढून टाकण्याची पद्धत पूर्वी अनेक ग्रंथालयांत होती. त्यामुळे जुन्या पुस्तकांची मूळ वेष्टने दुर्मीळ झाली आहेत. दुर्मीळ ग्रंथांच्या बाजारात वेष्टनासह असलेल्या पहिल्या आवृत्तीचे मोल वेष्टन नसलेल्या प्रतीच्या कित्येक पट असते. हॅरी पॉटरच्या पहिल्या मुखपृष्ठासाठी थॉमस टेलर यांनी केलेले मूळ जलरंगचित्र जून २०२४ मध्ये न्यू यॉर्क येथील सदबीज या लिलावगृहात सुमारे १९ लाख डॉलरला विकले गेले.

ग्रंथालयातील किशोरांच्या पुस्तकांचे मुखपृष्ठ बहुधा सर्वांत आधी झिजते; ते फाटल्यावर साधे पुठ्ठ्याचे आवरण घालण्याची रीत भारतात आढळते. पुस्तक त्यामुळे टिकते, परंतु त्याचा चेहरा जातो. मूळ मुखपृष्ठ कापून आतील बाजूस चिकटवणे किंवा त्याची छायाप्रत जपून ठेवणे, हा त्यावरील सोपा उपाय आहे.

हे सुद्धा पहा

मुखपृष्ठ
बालसाहित्य
सुलेखन
दीनानाथ दलाल
रघुवीर मुळगावकर
कमल शेडगे
सत्यजित राय
अर्सुला के. ले ग्विन